साहेबांच्या भाषणाला एको

नाद कधी संपत नाही, असे आपल्याकडे मोठमोठ्या माणसांनी सांगून ठेवले आहे. एकदा उमटलेला ध्वनी विश्वात कुठेतरी फिरतच राहतो. तो ऐकण्याची पात्रता तेवढी आपल्यात नसते. मी चार वर्षे एका ऑर्केस्ट्रात एकोचे यंत्र चालवले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, नाद साधारण सव्वा सेकंदात संपतो. उजवीकडचे बटन शेवटपर्यंत फिरवले तर पाच सेकंद टिकतो, पण मग गायक तक्रार करतो.

ही ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. मी पार्ल्यात राहत होतो आणि अंधेरीच्या एका बँकेत कारकून होतो. त्या काळात उपनगरांत दर दोन स्टेशनांमागे एक ऑर्केस्ट्रा होता. नावात 'स्वर' किंवा 'सूर' असे, आणि त्याला 'गंध', 'गंगा', 'संध्या' असे काहीतरी जोडलेले असे. आमच्या नावात असे तीन शब्द होते, त्यामुळे बॅनर दोन खांबांमध्ये मावत नसे आणि तिसरा शब्द कायम खांबाला गुंडाळलेला राही.

आमचा मालक घाटकोपरचा. नोकरी टेलिफोन खात्यात. मालक म्हणजे कीबोर्ड त्याचा होता, एवढाच अर्थ. त्याचा मेहुणा दुबईला होता आणि दर दोन वर्षांनी येताना काहीतरी आणी. एका खेपेला त्याने एकोचे नवे यंत्र आणले. काळे, हार्मोनियमएवढे लांब आणि चार बोटे उंच. पुढे लाल आकडे उमटायचे. आमच्या आधीच्या यंत्रात टेपचे एक वेटोळे फिरत असे आणि ते ऐन कडव्यात तुटत असे. मग गायकाचा आवाज एकदम मोठ्या देवळातून न्हाणीघरात आल्यासारखा वाटे. नव्या यंत्रात टेप नव्हती. आत काय होते ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. मेहुणा म्हणाला, "कॉम्प्युटर आहे." यावर पुढे चर्चा झाली नाही.

यंत्राबरोबर एक पुस्तिका होती. ती जपानी माणसाने इंग्रजीत लिहिलेली होती आणि वापरणाऱ्याने अवकाशाचा मनमुराद आनंद घ्यावा, अशा अर्थाची वाक्ये तीत जागोजागी होती. ती मी एका बैठकीत वाचून काढली. ऑर्केस्ट्रात मी तोवर खुर्च्या मोजणे आणि निवेदकाचे मराठी तपासणे एवढीच कामे करत होतो. पुस्तिका वाचणारा मी एकटाच निघाल्यामुळे यंत्र माझ्याकडे आले. संगीतातली माझी पात्रता इतकीच.

यंत्रात सोळा प्रकारचे एको भरून ठेवलेले होते आणि प्रत्येकाला नंबर होता. महिन्याभरात सगळे गायक नंबरांनी बोलायला लागले. "दादा, दुसऱ्या कडव्याला सात करा," असे कुणी स्टेजवरून बोटे दाखवून सांगे. तीन नंबर गझलेला, सात नंबर नाचाच्या गाण्यांना. पाच नंबर सर्वांत उपयोगी. तो आवाजामागे अस्तरासारखा बसे, दिसत नसे, पण काढला की कळे. अकरा नंबर आम्ही कधी वापरत नसू. त्यात प्रत्येक शब्द जवळजवळ एका सेकंदाने परत येई, मग पुन्हा येई, आणि पहिला जायच्या आत दुसरा त्याच्यावर चढे.

यंत्राला पायाने दाबायची दोन पेडल होती. डावे दाबले की एको बंद. कुणी बोलायला लागले की डावे दाबायचे, गायला लागले की सोडायचे, हे माझे मुख्य काम. भाषणाला एको द्यायचा नाही, असा सगळ्याच ऑर्केस्ट्रांचा नियम होता, आणि आमचा निवेदक तो नियम मोडावा म्हणून दोन वर्षे माझ्यामागे होता. "नुसतं 'रसिकहो' ला दे रे. एका शब्दाला. तुझं काय जातंय?" उजवे पेडल 'होल्ड'चे. ते दाबले की यंत्राच्या पोटात शेवटचा जो सेकंदभराचा आवाज असेल तो तिथेच धरून ठेवला जाई आणि पुन्हा दाबेपर्यंत तेवढाच वाजत राही. एका भक्तिगीताच्या शेवटी घंटेचा नाद लांबवायला ते लागे. एरवी माझा पाय त्याच्यापासून दूर असे.

आमचा मुख्य गायक तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा. मूळ कणकवलीकडचा. वडील गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडली पण वडिलांना आत घेतले नाही, ते गावी गेले. हा मुलुंडच्या एका कारखान्यात पंपाचे भाग तपासण्याच्या कामाला होता. टेंपररी. टेंपररी माणसाला सात-आठ महिने झाले की कारखाना त्याला काही दिवसांचा 'ब्रेक' देई, म्हणजे घरी बसवी, आणि मग नव्याने घेई. सलग नोकरी झाली तर माणूस कायम होण्याचा हक्क मागतो, म्हणून ही व्यवस्था. त्याचे असे पाच ब्रेक झाले होते. "माझ्याएवढी सुट्टी मॅनेजरलापण नाय," असे तो हसून सांगे. भांडुपच्या एका मुलीकडचे लोक दोन वर्षे थांबले होते. त्यांचा प्रश्न एकच होता, आणि तो त्याच्या गाण्याविषयी नव्हता.

त्याचा आवाज गोड होता पण बारीक, आणि दम कमी. ओळीचा शेवट तो गाठायच्या आधीच सोडून देई. पाच नंबर तो शेवट उचलून पुढे नेई. ऐकणाऱ्याला वाटे, काय लांब श्वास आहे. हे त्याला माहीत होते, मला माहीत होते आणि आम्ही त्याविषयी कधी बोललो नव्हतो.

त्याच्या कारखान्यात दरवर्षी सत्यनारायणाची पूजा असे. सकाळी पूजा, दुपारी जेवण, मग करमणूक. त्या वर्षी करमणुकीला आमचा ऑर्केस्ट्रा त्यानेच ठरवून दिला. त्याचा हिशेब साधा होता. पर्सोनेल मॅनेजर स्वतः गाण्याचे शौकीन होते. ते पहिल्या रांगेत बसणार, याचे गाणे ऐकणार, हा मनुष्य आपल्याच कारखान्यात टेंपररी आहे हे त्यांना कळणार. पुढचा ब्रेक तीन आठवड्यांवर आला होता. या वेळी ब्रेकनंतर परत घेतील की नाही याचीही त्याला खात्री नव्हती, कारण त्याच्या खात्यात नवे यंत्र येणार होते.

"दादा, आज माझा पाच नंबर जरा वर ठेवा हां," तो वायरी जोडताना मला म्हणाला.

"किती वर?"

"साहेबांच्या खुर्चीपर्यंत."

माल चढवायचा सिमेंटचा उंच ओटा हेच स्टेज होते. त्याच्याच मागच्या अंगाला चौरंग, केळीचे खांब आणि पूजा होती. त्यामुळे वेल्फेअर ऑफिसरने आम्हा सगळ्यांना चपला खाली काढायला लावल्या. शिवाय आमच्या वायरींचे जाळे देवासमोर बरे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी कँटीनच्या माणसाकडून पांढऱ्या चादरी आणवल्या आणि यंत्रे, टेबल, वायरी, सगळे झाकून टाकले. त्या कँटीनवाल्याने अतिशय मन लावून काम केले. माझी दोन्ही पेडल उचलली, खालची धूळ पुसली, पेडलही पुसली आणि परत ठेवली. डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे ठेवले, हे मला त्या वेळी कळले नाही. चादर चांगली कडक इस्त्रीची होती.

साडेतीनला साहेब आले. फिक्या रंगाचा सफारी, कपाळाला गंध, हातात प्रसादाचा द्रोण. निवेदक माइक तपासत होता, त्याच्या हातून साहेबांनी माइक घेतला आणि म्हणाले, "हॅलो." पाच नंबर चालू होता. साहेबांचे हॅलो अंगणभर पसरले, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जाऊन आले. साहेबांनी माइककडे पाहिले. पुन्हा म्हणाले, "हॅलो."

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

"एको आहे, साहेब," मी म्हणालो.

"छान आहे. भाषणाला हेच ठेवा."

"भाषणाला देत नाहीत, साहेब. शब्द एकमेकांवर चढतात. काय म्हणालात ते कळत नाही."

"कळलंच पाहिजे असं थोडंच आहे? पूजेचं भाषण आहे." ते हसले. "आणि शेवटी मी एक गाणं म्हणणार आहे. त्यालाही ठेवा."

ते खुर्चीकडे गेले. निवेदक माझ्याकडे असा पाहत होता की जणू दोन वर्षांत झालेला अन्याय आता जाहीर झाला होता.

मालक माझ्या कानाशी लागला. "लाव ना रे. त्यांचा कारखाना, त्यांचं भाषण. तू कोण?"

"नियम आहे तो."

"नियम कसला? पुस्तिकेत आहे का?"

पुस्तिकेत नव्हता. गायक लांबून आमच्याकडे बघत होता. त्याने मान हलवली. म्हणजे साहेब म्हणतील तसे करा.

पाच नंबरवर भागले असते. मी अकरा लावला. त्याचे कारण सांगण्यासारखे नाही. मला मोठ्या माणसांची भाषणे आवडत नाहीत, आणि बटन माझ्या हातात होते. समोर दुसऱ्या माणसाची नोकरी पणाला लागली आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हते असे मी म्हणू शकलो असतो, पण ते खरे नाही. डोक्यात होते. तरी लावला.

साहेब उभे राहिले. "बंधूंनो," म्हणाले. भोंग्यांतून बंधूंनो परत आले, पुन्हा परत आले, आणि तोवर साहेब "आजच्या या" पर्यंत पोचल्यामुळे त्याचा लगदा झाला. मला वाटले, आता थांबतील आणि माझ्याकडे बघतील. तसे झाले नाही. ते थांबले खरे, पण ऐकायला. आपला शब्द परत येऊन विरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग पुढचा टाकला. दोनेक वाक्यांत त्यांना यंत्राचा अंदाज आला. "हा कारखाना," म्हणाले, थांबले. "एक कुटुंब," म्हणाले, थांबले. साध्या बोलण्यात जी वाक्ये त्यांनी दरवर्षी म्हटली असतील आणि कुणी ऐकली नसतील, ती आता वरून कुठून तरी आल्यासारखी वाटत होती. कामगार जेवून सुस्त बसले होते ते सावरून बसले. मी ज्यासाठी अकरा लावला होता त्याच्या बरोबर उलटे घडत होते.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडले, "साहेब, टेंपररीवाल्यांचं काय?"

असे ओरडणे दरवर्षी होत असे, हे मला नंतर कळले. त्याला उत्तरही दरवर्षीचेच होते आणि साहेबांना ते पाठ होते. पाठ असल्यामुळे ते थांबायचे विसरले आणि एका दमात म्हणून गेले, "योग्य वेळी, जागा असल्यास आणि व्यवस्थापनाची मान्यता मिळाल्यास, नियमात बसणाऱ्यांना आम्ही निश्चितच कायम करू."

मागे गलका सुरू झाला. आता वादावादी होणार, आणि वादावादीला एको नको, असे मला वाटले. तेवढी अक्कल शिल्लक होती. मी चादरीखाली अनवाणी पायाने चाचपून डावे पेडल दाबले.

"कायम करू," भोंगा म्हणाला. "कायम करू. कायम करू. कायम करू."

यंत्राची स्मरणशक्ती एका सेकंदाची होती. अटी तिच्यात मावल्या नव्हत्या.

मी घाबरून तेच पेडल लागोपाठ दोनदा दाबले. पहिल्यांदा सुटले, दुसऱ्यांदा परत धरले गेले. दुसऱ्या पेडलकडे पाय नेला तर चादर पायाला गुंडाळली. साहेब माइकसमोर तोंड मिटून उभे होते आणि त्यांचा आवाज दोन्ही भोंग्यांतून आश्वासन देत होता. ते म्हणाले, "अहो, हे काय—" पण ते "कायम करू"च्या खाली गेले. कामगार आधी गप्प झाले. मग एकाने टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी, आणि शब्द ठरावीक अंतराने येत असल्यामुळे टाळ्याही आपोआप ठेक्यात पडल्या. आमचा पॅडवाला इलेक्ट्रॉनिक ड्रमवर बसला होता. चालू ठेका सोडून देणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने हळूच तळाचा ठोका धरला. मालकाचा हात कीबोर्डवर होता. तो आजही म्हणतो की तो सूर सवयीने लागला.

आमच्या ऑर्केस्ट्राने त्याआधी किंवा नंतर संपूर्ण इलेक्ट्रॉनिक अशी दुसरी रचना सादर केलेली नाही. ती पाऊण-एक मिनिट चालली. मग मी टेबलाखाली वाकून प्लग खेचला.

प्लग खेचल्यावर माइकही मेला, कारण माइकची वायर यंत्रातूनच जात होती. साहेब काहीतरी बोलत होते, हाताने समजावत होते; बहुधा अटी सांगत असावेत. त्यांचे बोलणे पहिल्या रांगेच्या पुढे गेले नाही. टाळ्या चालूच होत्या. शेवटी त्यांनी हात जोडले आणि ते खाली बसले.

गायक माझ्याशेजारी आला. तो ओरडला असता तर बरे झाले असते. तो हळू आवाजात म्हणाला, "माझी वाट लावलीत, दादा."

"अरे, पेडल उलटं ठेवलं होतं कुणीतरी."

"अकरा पण कुणीतरी ठेवलं होतं?"

लाल आकडे विझलेले होते. पण त्याला अकरा नंबर ऐकून ओळखता येत होता.

मालकाने माइक सरळ मिक्सरला जोडला. यंत्राला हात लावायची कुणाची तयारी नव्हती, माझी तर नव्हतीच. गायकाने दोन गाणी एकोशिवाय म्हटली. उघड्या आवाजात. ओळीचा शेवट आला की तो सुटे आणि त्या जागी काहीच नसे, नुसता कंपाउंडबाहेरचा ट्रक ऐकू येई. दुसऱ्या गाण्यात तो ओळी मधेच तोडून श्वास घ्यायला लागला, आणि त्यामुळे गाणे जरा बरे झाले, असे मला वाटले. पण ते त्याला सांगण्याचा हक्क मला उरला नव्हता. दुसरे गाणे संपताना साहेब उठून गेले. त्यांचे स्वतःचे गाणे राहून गेले.

आमच्या तालमी रविवारी सकाळी घाटकोपरला, एका शिकवणीच्या वर्गात होत. बाके भिंतीला लावून ठेवायची आणि फळ्यावरचे गणित पुसायचे नाही, अशी अट होती. पुढच्या रविवारी तो येईल असे मला वाटले नव्हते. तो आला. आल्या आल्या म्हणाला, "कारखान्यात तमाशा झालाय."

झाले होते असे. सोमवारी युनियनचा सेक्रेटरी साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि आश्वासनाची अंमलबजावणी कधी, म्हणून विचारले. साहेब म्हणाले, मी अटी घातल्या होत्या. सेक्रेटरी म्हणाला, कोणत्या? साहेबांनी सांगितल्या. सेक्रेटरी म्हणाला, त्या कुणी ऐकल्या नाहीत. कुणाच्या तरी टू-इन-वनवर अख्खा कार्यक्रम टेप झाला होता. ती कॅसेट केबिनमध्ये वाजवण्यात आली. अटींच्या जागी एकावर एक पडलेल्या शब्दांचा ढिगारा होता, त्यातून 'असल्यास' एवढे एकदा ओळखू आले. पुढचे दोन शब्द मात्र स्वच्छ होते आणि पुष्कळ वेळा होते. शिवाय हे बोलणे नुसत्या सभेतले नव्हते. मागे पूजा मांडलेली होती, साहेबांच्या हातात प्रसाद होता, आणि नवस बोलून विसरणाऱ्याचे काय होते ते सगळ्यांनी सकाळीच भटजींकडून पाच अध्याय ऐकले होते. जुने कामगार हे फार गंभीरपणे घेत होते. त्या आठवड्यात एका मशीनचा पट्टा तुटला, तेव्हा त्याचे कारण कुणी विचारलेसुद्धा नाही.

"आणि तुझं?" मी विचारले.

"मला बोलावलं केबिनमध्ये." तो बाकावर बसला. "म्हणाले, तो ऑर्केस्ट्रा तुम्हीच आणला होता ना? मी म्हटलं, हो साहेब. म्हणाले, त्या मशीनवाल्या माणसानं मुद्दाम केलं का?"

"मग?"

"मी म्हटलं, साहेब, तो माणूस बँकेत आहे."

"मग ते काय म्हणाले?"

"ते म्हणाले, मग काय? मी म्हटलं, काय नाय, एवढंच."

मालक हसायला लागला. गायक हसला नाही. त्याच्या ब्रेकला दोन आठवडे राहिले होते.

"शेवटी साहेब म्हणाले," तो सांगू लागला, "भाषणाचं मी बघून घेईन हो. पण माझं गाणं राहिलं. महिनाभर बसवलं होतं."

 मग मालकाने जे करायचे तेच केले. म्हणाला, "रविवारी इथे घेऊन ये त्यांना."

साहेब दोन रविवार आले. मुलुंडहून घाटकोपरला, हातात गाण्याची वही. शिकवणीच्या वर्गात, समीकरणांच्या फळ्यापुढे उभे राहून त्यांनी ते गाणे म्हटले. आवाज बरा होता. सूर कधी कधी लागे. मी पाच नंबर लावला, पेडल नीट बघून.

"तो लांबचा नाही का?" त्यांनी विचारले. "त्या दिवशीचा?"

"गाण्याला हाच बरा, साहेब."

मी त्यांना खरे काय ते सांगायचे ठरवून आलो होतो. अकरा नंबर माझा, असे एक वाक्य तयार होते. मी तोंड उघडले तेवढ्यात ते वहीतून मान वर न करता म्हणाले, "त्या दिवशी मशीन बिघडलं होतं ना?"

त्यांच्या मागे गायक माइकची वायर गुंडाळत उभा होता. त्याचा हात थांबला.

"हो साहेब," मी म्हणालो. "बिघडलं होतं."

"इम्पोर्टेड वस्तूंचं असंच," साहेब म्हणाले, आणि दुसऱ्या कडव्याला लागले.

ब्रेकच्या आदल्या दिवशी कारखान्यात यादी लागली. नऊ टेंपररी कामगार कायम झाले. गायकाचे नाव आठवे होते. युनियनने फलकावर हा युनियनचा विजय असल्याचे लिहिले. जुने कामगार देवळात जाऊन सत्यनारायणाच्या नावाने नारळ फोडून आले. साहेबांच्या ऑफिसातून असे सांगण्यात आले की या जागा भरायचे आधीपासूनच ठरले होते. मला विचाराल तर यांपैकी कोणते खरे ते मी सांगू शकत नाही. त्याला मिळालेले पत्र मी वाचले आहे. त्यात अडीच ओळी होत्या आणि कारण दिलेले नव्हते.

त्या रविवारी तालमीला पेढे आले. भांडुपच्या लोकांनी तारीख काढायला घेतली होती. गायक माझ्याकडे पेढा घेऊन आला, म्हणाला, "दादा, घ्या," आणि आम्ही दोघांनीही त्याहून जास्त काही बोलायचे टाळले. निवेदक मात्र टाळणाऱ्यांपैकी नव्हता. त्याने सगळ्यांना उभे केले. गायकाच्या खांद्यावर शाल घातली. शाल मालकाच्या बायकोची होती आणि नंतर परत करायची होती. मग त्याने भाषण केले. कलेची साधना कधी वाया जात नाही, म्हणाला. कारखान्याच्या भिंतीही सुरांपुढे झुकतात, म्हणाला. आजपासून या कलावंताच्या मार्गात कोणतीही बाधा उरलेली नाही, यापुढे तो निश्चिंत मनाने, अखंड, आमरण गात राहील. मालकाच्या डोळ्यांत पाणी आले. 

टेंपररी कामगारांना तिथे फक्त दिवसपाळी असे. नव्याने कायम झालेल्यांना पहिली दोन वर्षे दुसरी पाळी द्यायची, अशी त्या कारखान्याची पद्धत होती. दुसरी पाळी दुपारी तीनला सुरू होई आणि रात्री अकराला सुटे. त्या पाळीची साप्ताहिक सुट्टी बुधवारी. आमचे कार्यक्रम शनिवारी आणि रविवारी असत, संध्याकाळी साडेसात वाजता.